चवीपुरते मीठ

एका राज्यात सरोवर होते डोंगरावर आणि शेते होती डोंगराखाली. दोहोंच्या मध्ये काळ्या पाषाणाची एक शिळा होती. उन्हाळा सरता सरता ती उचलून वरच्या खोबणीत बसवली, की सरोवराचे पाणी खाली येई. शिळेवर मंत्राचे बंधन होते. दोर लावला तर दोर तुटे, चार हात लागले तर ती जमिनीला खिळून बसे. एकाच माणसाच्या दोन हातांनी ती उठे. म्हणून त्या राज्यात शिळा उचलणाराच राजा होई, आणि तालमीला देवळाचा मान असे.

भद्रकेतू राजाने ती पुष्कळ वर्षे उचलली. एकदा असेच पाणी सोडल्यावर राजवाड्यात मेजवानी झाली. डोंगरमाथ्यावर राहणारा मांत्रिक वेत्रांग तेथे आला. खडकाळ जमिनीत स्वतःच्या हातांनी पिकवलेल्या भाज्यांची टोपली त्याने राजापुढे ठेवली. माठ होता, कारली होती, दोडके होते, लाल भोपळा होता. पंगतीत तूप वाहत होते, मांस शिजत होते. राजा म्हणाला, "हा चारा पागेत न्या. घोडे खातील."

दरबार हसला. वेत्रांग हसला नाही.

"राजा, तू याला चारा म्हणालास. आजपासून तुझ्या राज्यात प्रत्येक जिभेला हा चाराच लागेल."

एवढे बोलून तो गेला. उःशाप कुणी मागितला नाही. राजाचा अभिमान आडवा आला.

दुसऱ्या दिवसापासून भेंडी वाळक्या गवतासारखी लागू लागली, मेथी भुशासारखी, वांगे ओल्या काथ्यासारखे. लोकांनी भाज्या सोडल्या. तालमीतले मल्ल दूध, तूप आणि मांस यांवर राहू लागले. त्यांची अंगे फुगली, पण दम टिकेना. हिरड्यांतून रक्त येई, साधे खरचटलेले भरून निघत नसे. उन्हाळा सरला तेव्हा राजाने शिळेला हात घातला. शिळा वीतभर उठली आणि खाली बसली. राजाचा खांदा निखळला. पुढच्या साली राज्यातला सर्वांत थोर मल्ल दंडधर पुढे आला. शिळा त्याच्या हातून सुटली आणि त्याचा पाय कायमचा गेला. वर सरोवर शेवाळले, खाली विहिरींचे तळ दिसू लागले.

राजाला एकच मूल होते, कन्या शालवती. तिने तालमीत पाऊल ठेवले. जोर काढले, बैठका मारल्या, नाल म्हणतात ते जड दगडी कडे खांद्यावर घेतले. बळासाठी पालेभाजी हवी असे वैद्य सांगत, म्हणून ती भाज्या उकडून, नाक दाबून, पाण्याच्या घोटाबरोबर गिळी. बहुतेक दिवशी त्या उलटून पडत.

तालमीबाहेरच्या वडावर एक तांबट पक्षी असे. त्या राज्यातले काही पक्षी बोलत. त्याचे कुणाला नवल नव्हते.

तांबट म्हणाला, "राजकन्ये, अर्धा दोष शापाचा आहे, अर्धा तुझा. तू भाज्या पाण्यात बुडवून मारतेस."

"मग काय करू?"

"शापाने चव मेलेली नाही, कोंडलेली आहे. तिला बाहेर काढायला तीन वस्तू लागतील. अग्निदैत्याची आच, यक्षिणीचे आंबट आणि वेत्रांगाच्या गुहेतले मीठ. या तिन्ही वस्तू वापरून भाजी रांध आणि राजाला वाढ. ज्या जिभेने चारा म्हटले, त्याच जिभेने आपणहून आणखी मागितले, तर शाप सुटेल."

शालवतीने पाठीवर शिधा बांधला आणि ती निघाली. तांबट तिच्या माथ्यावरून उडत राहिला.

पहिल्यांदा अग्निदैत्य भेटला. तो एका भट्टीपाशी बसला होता. भट्टीवर लोखंडी झाकण होते.

"आच हवी? झाकण उचल. मी निखारा निवडीपर्यंत धरून ठेव."

दैत्य निखारे निवडण्यात फार चोखंदळ होता. शालवतीचे दंड थरथरले, पापण्यांचे केस जळले, पण झाकण तिने सोडले नाही. दैत्याने तिला कधीही न विझणारा निखारा दिला. वाटेत तिने त्याच्यावर लाल भोपळ्याच्या फोडी भाजल्या. पाणी घातले नाही. फोडींच्या कडा करपत आल्या आणि भोपळ्याच्या पोटातली साखर बाहेर आली. चाऱ्याची चव अजून होती, पण तिच्यामागे एक गोडवा उभा होता. शालवतीने सगळ्या फोडी खाल्ल्या.

"नुसत्या भोपळ्याने दंड भरत नाहीत. डाळही खा, दहीही खा," तांबट म्हणाला.

तिने तसे केले.

त्यानंतर यक्षिणी भेटली. ती कोकमाच्या झाडात राहत होती. झाडाच्या मुळांवर दरड कोसळून मोठा धोंडा बसला होता.

यक्षिणी म्हणाली, "मुली, माझा श्वास कोंडतो आहे. धोंडा काढ. माझ्याकडे जे आहे ते तुझे."

शालवतीने जोर लावला. धोंडा हलला नाही. तिने पुन्हा लावला आणि गुडघे फुटले. ती झाडाखाली बसून रडली. मग डोळे पुसून तिने निखाऱ्यावर दोडके भाजले, डाळ शिजवली, दही घेतले, जेवून निजली. कित्येक दिवस तिचा हाच क्रम चालला. रोज ती धोंड्याला खांदा देई आणि रोज परते. अखेर एका सकाळी धोंडा कलला आणि दरीत गेला.

यक्षिणीने तिच्या ओंजळीत आमसुले ठेवली. शालवतीने तिळाच्या तेलात लसूण लाल केला, त्यात माठ परतला आणि वरून आमसूल सोडले. माठाचा उग्रपणा उतरला, तोंडाला पाणी सुटले. पहिला घास घेतल्यावर तिला दुसऱ्याची घाई झाली. असे तिला पुष्कळ दिवसांत झाले नव्हते.

तिसरी होती मिठाची गुहा. गुहेत शुभ्र मिठाच्या राशी होत्या आणि राशींमध्ये मिठाची माणसे उभी होती. कुणाच्या हातात पोते होते, कुणाच्या हातात घागर. दारावर दगडी कवाड होते. शालवतीने ते दोन्ही हातांनी वर उचलले.

आत वेत्रांग बसला होता. त्याच्या गालांची हाडे वर आली होती.

"किती हवे?" त्याने विचारले.

शालवतीने त्या मिठाच्या माणसांकडे पाहिले. पोतेभर म्हणावे तर तसे मागणाऱ्यांची गत समोर दिसतच होती. चिमूटभर म्हणावे, तर भोपळ्याला पुरेल ते माठाला जास्त होईल. ती रोज रांधत होती, तिला ते ठाऊक झाले होते.

"चवीपुरते," ती म्हणाली.

वेत्रांगाने पानाचा द्रोण भरून तिच्या हातात दिला. शालवती मिठाची झाली नाही.

"तुम्ही इतके कृश का?" तिने विचारले.

"शाप देणाऱ्यालाही जीभ असते. मी पिकवलेले मलाच खाववत नाही."

"मग जेवायला चला."

"ज्या दारी हसे झाले, त्या दारी?"

"ते माझ्या वडिलांनी केले. स्वयंपाक मी करणार आहे."

वेत्रांग उठला आणि तिच्यामागून चालू लागला.

राजवाड्यात शालवतीने तीन भाज्या केल्या. भोपळा भाजला. माठ लसणीत परतून आमसूल घातले. कारल्यांना मीठ चोळून, पिळून, तेलात कुरकुरीत केले आणि वर दाण्यांचे कूट पेरले. शेजारी भाकरी, डाळ आणि दही ठेवले. राजा पाटावर बसला. समोर वेत्रांगाला पाहून त्याचा चेहरा कठीण झाला.

"हे काय आहे, शालवती?"

"जेवण आहे, तात. मी यावरच जगले."

राजाने मुलीचे दंड पाहिले, पोळलेले हात पाहिले. भोपळ्याचा घास घेतला. नंतर माठाचा. कारल्यापाशी तो थबकला, मग तेही खाल्ले. राजाने ताट पुसून घेतले आणि खाली मान घालून हळूच विचारले, "कारले आणखी आहे का?"

त्या क्षणी राज्यभर मेथीला मेथीचा वास आला आणि भेंडी भेंडीसारखी लागली. गुहेतली माणसे हलली आणि हातातली पोती टाकून घरी गेली. वेत्रांगाने पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

राजा उठला. "मांत्रिका, मी चुकलो," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने वेत्रांगाला वाढले.

"मीही अति केले," वेत्रांग म्हणाला. "दंडधराचा पाय माझ्या मंत्राने परत येणार नाही." तो पुढे दंडधराच्या घरी गेला आणि त्याच्या परसात मळा लावून देऊन आला. दंडधराने त्याला बसायला सांगितले नाही, पण मळ्याला पाणी घालत राहिला.

शाप सुटला म्हणून बळ एका दिवसात येत नाही. हिवाळाभर शालवती तालमीत घाम गाळी आणि भरले ताट रिकामे करी. उन्हाळा सरता सरता ती शिळेपाशी गेली. शिळा गुडघ्यापर्यंत आली, छातीपर्यंत आली, तिथे क्षणभर थांबली. शालवतीने श्वास घेतला आणि शिळा खोबणीत बसवली. पाणी आधी तिच्या पायांवरून गेले, मग शेतांत. शेवटच्या शेताच्या बांधावर एक म्हातारी उभी होती. तिने ओंजळभर पाणी पिऊन पाहिले आणि वाफे आखायला घेतले.

राजमुकुट शालवतीच्या मस्तकी गेला. भद्रकेतू आणि वेत्रांग मळ्यात बसून खत किती घालावे यावर भांडू लागले. त्या राज्यात ताटात काही उरेनासे झाले, आणि ऐकणाऱ्यांच्या ताटातही न उरो.