आखूड धागा

“थोरलीच्या हातालाच अवलक्षण आहे. धाकटीला दिवस राहायच्या आत थोरलीला नि तिच्या पोराला माहेरी पोचवा.”

पूर्वी प्रतिष्ठान नगरात धर्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने स्त्रीजन्म घेतला होता. इंदुला या नावाने ती एका विणकराच्या घरी धाकटी सून होऊन आली होती. सासू सासऱ्याला हे सांगत होती तेव्हा इंदुला मागापाशी सुताच्या कांड्या भरत बसली होती. नवी सून गप्प असते, म्हणून ती बहिरीही असते असे त्या घराने धरले होते.

घराची एक रीत होती. दर वर्षी मुलाच्या जन्मदिवशी आईने टाळूपासून टाचेपर्यंत मोजून सुताचा धागा कापायचा आणि त्याच्या जुडीत बांधायचा. थोरल्या कपिलेचा भद्रक सात वर्षांचा होता. त्याचे पहिले तीन धागे वाढत गेले. पुढचे चार एकाच लांबीचे. त्याचे नाक, ओठ जाड झाले, पोट फुगले, बोटे वाकली ती पुन्हा उघडली नाहीत. ‘आई, पाणी’ म्हणणारे पोर आता नुसते घशातून घरघरे. चौथ्या वर्षी कपिलेने धागा आखूड कापला म्हणून त्याची वाढ तुटली, असे सासूचे म्हणणे. कपिलाही तेच मानू लागली होती.

पुढेमागे होणाऱ्या नातवासाठी सासूने इंदुलेला जुड्यांची पेटी साफ करायला लावली. तळाशी एक पिवळी पडलेली जुडी निघाली. तीन धागे वाढते, पाच सारखे. पुढे काही नाही. गाठ डावखुऱ्या सासूच्या हाताची.

“ही कुणाची?” इंदुलेने नवऱ्याला विचारले.

“दादाच्या पाठचा एक होता. ठेव ती. आमच्यात त्याचं नाव घेत नाहीत.”

हे घराच्या रक्तातूनच उतरत आले आहे, आणि उद्या आपल्याही पोटी येऊ शकते, हे इंदुलेला कळले. गप्प राहिली असती तर ती लाडकी सून ठरली असती.

सकाळी बैलगाडी दाराशी आली. कपिला पोराला कडेवर घेऊन उभी होती. इंदुलेने दोन्ही जुड्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि तोंड उघडले.

गाडी रिकामी परतली. भद्रक बरा झाला नाही. दोन वर्षांनी तो त्याच घरात, आईच्या मांडीवर गेला. शेवटची पेज सासूने भरवली.

ही कथा संघाला सांगून शास्ता भगवान म्हणाले, “तेव्हाची सासू म्हणजे संघातली, आजाऱ्यांचे करणारी ती वृद्ध भिक्षुणी. कपिला तिची शिष्या झाली आहे. भद्रक म्हणजे ज्याला दारातून वाकून यावे लागते तो उंच भिक्षू. इंदुला मीच होतो. खरे बोलण्याच्या या पूर्णतेला सत्यपारमिता म्हणतात. तिच्यात करुणा नसेल तर ती नुसती कापते. त्या सकाळी मी एवढेच म्हणालो होतो: ‘सासूबाई, धागा कुणीच आखूड कापला नाही. जाऊबाईंनी नाही. तुम्हीही नाही.’”