दारातला शिंपला

शहर अजून खाडीपर्यंत पोचलं नव्हतं, तेव्हा तिथल्या चिखलात खेकड्यांची वस्ती होती. राखणदार निवडायच्या सकाळी जुनी राखणदार टिटवी प्रत्येक नांदत्या बिळाच्या दारात एक पांढरा शिंपला ठेवी. तो उचलायचा आणि आपल्या उमेदवाराच्या खडकावर नेऊन टाकायचा, एवढंच काम.

त्या वर्षी टिटवीसमोर बगळा उभा राहिला.

तरणी खेकडी चिंबी धावत आजाच्या बिळात शिरली. "आजा, ऊठ! बगळा खेकडे खातो. टिटवी निदान ओरडून सावध तरी करते."

"टिटवीनं तरी काय दिवे लावले?" आजा गार चिखलात आणखी रुतला. "सगळे सारखेच. ऊन बघ केवढंय! आणि माझ्या एका शिंपल्यानं काय होतंय?"

"तुम्ही म्हातारे नुसते बिळात बसून शिव्या घाला."

"पोरी, चार पावसाळे बघ, मग मला शिकव."

चिंबी एकटीच गेली. बगळ्यानं वाटलेले मासळीचे तुकडे ज्यांनी खाल्ले होते, ते मात्र झाडून आले होते. बगळा दोन शिंपल्यांनी जिंकला. वस्तीतले निम्मे शिंपले दारातच पडून होते.

संध्याकाळी टिटवी उडून गेली आणि बगळा चिखलात उतरला. कुठलं बीळ रिकामं, कुठलं भरलेलं, हे शोधायची त्याला गरजच पडली नाही. तो एकेका पांढऱ्या ठिपक्याकडे चालत निघाला.

चिंबी आपल्या बिळात अंग चोरून ऐकत होती. पावलं शेजारच्या दारात थांबली. शिंपला बाजूला सरकल्याचा आवाज आला.

"आजोबा," बगळा अदबीनं म्हणाला, "घरातच आहात ना?"