रवळोजीचा टेंब

केगदवेळच्या किनाऱ्यावर आता गोल्फचे मैदान झाले आहे. मैदान म्हटले की सपाट जागा डोळ्यांसमोर येते, पण इथे तसे नाही. आराखडा करायला परदेशातून एक साहेब आला होता. इथल्या वाळूचे चढउतार, खळगे, वाऱ्याने कापलेल्या कडा पाहून तो म्हणाला, की यातले काहीच हलवू नका, अशी जमीन आयती मिळायला नशीब लागते. म्हणून गवत लावले ते वाळूच्या मूळच्या अंगावर, जशी होती तशी. मात्र एका ठिकाणी हिरवळीचा पट्टा समुद्राकडे सरळ जाता जाता एकदम अंग चोरतो आणि एका उंच टेंबाला लांबून वळसा घालतो. टेंब म्हणजे वाळूची टेकडी. हा टेंब पायथ्यापासून माथ्यापर्यंत मर्यादवेलीने झाकलेला आहे. त्यावर कोणी चढत नाही. चेंडू तिकडे गेला तर खेळणारा कितीही मोठा असो, खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहणारा गावातला एकही कॅडी जागचा हलत नाही. "गावकाराक दिलो," असे म्हणतात आणि दुसरा चेंडू ठेवतात.

पाहुणे कारण विचारतात, तेव्हा त्यांना फाटकाजवळच्या उंडीच्या झाडाखाली तातू घाडीकडे पाठवतात. तातू मोठा तिरसट म्हातारा. घड्याळ बघणाऱ्याला तो हाकलून देतो. "आधी खेळ संपवा तुमचो," म्हणतो, "मगे येवा. ह्या उभ्या उभ्या ऐकूचा न्हय." जो बसतो, त्याला मात्र तो सगळे सांगतो, आणि दर वेळी तसेच सांगतो.

फार जुन्या काळी, म्हणे, हे गाव आजच्यापेक्षा समुद्राच्या पुष्कळ जवळ होते. समुद्र आणि गाव यांच्या मध्ये हा टेंब होता. त्याच्या आडोशाला घरे होती, घरांमागे भाताची शेते, आणि टेंबाच्या मुळाशी गोड्या पाण्याची विहीर. खाऱ्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर गोडे पाणी मिळे ते टेंबाच्या पुण्याईने, हे पोराटोरांनाही ठाऊक होते. मर्यादवेल तोडायची नाही, टेंबावर गुरे सोडायची नाहीत, एवढाच गावाचा कायदा होता. रवळोजी गावकर हा गावचा प्रमुख. सरळ माणूस, शब्दाला पक्का. लोक त्याच्यासमोर आवाज चढवत नसत, कारण तोही कधी कोणावर चढवत नसे. पत्नी येसू आणि एकुलता मुलगा भागोजी, एवढाच त्याचा संसार. लग्नानंतर बरीच वर्षे वाट पाहून झालेला हा मुलगा. रवळोजी त्याला उन्हात चालताना आपल्या सावलीत ठेवी, असे सांगतात.

खाडीपलीकडच्या किल्ल्यावर एक नवा किल्लेदार आला. त्याला चौगानचे वेड होते. चौगान म्हणजे घोड्यावर बसून लांब काठीने चेंडू मारायचा खेळ. तातू इथे थांबतो आणि समोरच्या मैदानाकडे हात करून म्हणतो, "चेंडू नि काठी. मोठ्या माणसांका दुसरा सुचणा कित्याक नाय, देव जाणे." तर किल्लेदाराकडे वरचे पाहुणे यायचे होते आणि त्याला खेळायला मैदान हवे होते. डोंगर सगळे कातळाचे, सपाटी सगळी भाताची, आणि भाताचा सारा बुडवायची त्याची तयारी नव्हती. त्याने किनारा पाहिला आणि हुकूम सोडला, की हा टेंब उतरवून जमीन सारखी करा. गावाने नकार दिला. तेव्हा त्याची माणसे आली आणि भागोजीला धरून घेऊन गेली. मैदान तयार झाले की मुलगा परत मिळेल, नाही झाले तर बुरुजावरून खाली मिळेल, असा निरोप आला.

रवळोजीने अन्न सोडले. येसू तर वेडीपिशी झाली होती. "टेंब काय, परत होतलो," ती म्हणाली, "माका माजो झील हाडून दिया." पण टेंब एकट्या गावकराचा नव्हता. अशा वेळी या भागात देवीला कौल लावतात. देवळातल्या पाषाणावर फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. गाव बाहेर सभामंडपात बसले आणि रवळोजी गुरवाबरोबर गाभाऱ्यात गेला.

त्याने देवीला आई म्हणून विचारले, "आवशी, टेंब उतरवू?" डावी पाकळी पडली.

गुरवाने त्याच्याकडे पाहिले. रवळोजीने पाकळ्या पुन्हा लावायला सांगितल्या आणि दुसरेच विचारले, "माजो भागो जिवंत परत येतलो?" उजवी पाकळी अशी पडली की जणू कोणी बोटाने ढकलली.

बाहेर येऊन तो गावाला म्हणाला, "आवशीन उजवो कौल दिल्यान." त्यात खोटे अक्षर नव्हते. पण त्याच्याइतके मोठे खोटे या गावात आजवर कोणी बोलले नाही. गुरव दाराशी उभा होता. त्याला स्वतःला पोरे होती. तो गप्प राहिला, आणि तातू म्हणतो की त्याला फार दोष देऊ नये.

देवीचाच होकार म्हटल्यावर गाव कामाला लागले. फाल्गुन होता, वाळू कोरडी ठणठणीत. आधी मर्यादवेल उपटली, तिचे भारे करून जाळले. केगदीची, म्हणजे केवड्याची, बेटे मुळासकट काढली. मग पाट्या भरभरून वाळू उतरवायला लागले. ती टाकायची कुठे? सगळ्यांचे एकच म्हणणे पडले, की भरतीच्या रेषेवर टाकावी. होळीच्या पुनवेला उधाण येते, ते सगळी ओढून नेईल. दर्यावर्दी माणसे होती, पाण्याचा स्वभाव जाणणारी. पण त्यांनी जन्मभर दर्याकडून मागून घेतले होते, त्याला काही द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. होळीचे उधाण आले आणि खरोखर सगळा ढीग घेऊन गेले. लोकांनी हात जोडले, नारळ सोडले.

चैत्रात किल्लेदार पाहुण्यांना घेऊन आला. घोडे मैदानावर आले आणि खुरांपासून घोट्यापर्यंत रुतायला लागले. चेंडू मारला की जागीच बसे. पाहुणे हसले म्हणे, आणि ते हसणे किल्लेदाराच्या जिव्हारी लागले. खेळ एक दुपारही टिकला नाही. तो निघून गेला तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही. ज्या खेळासाठी टेंब गेला तो खेळ वाळूत होतच नाही, हे आधी कोणाच्या डोक्यात आले नव्हते. भागोजीला सोडायचा हुकूमही तो रागाच्या भरात विसरून गेला आणि पोरगा किल्ल्यावर खितपत पडला.

इकडे दर्याने नेलेली वाळू परत आणायला सुरुवात केली. दर्या कोणाचे काही ठेवून घेत नाही. ओहोटीला किनाराभर वाळू पसरे, उन्हात सुके, आणि दुपारचा वारा सुटला की उठे. अडवायला मध्ये काही नव्हते. आधी भाकरीत कचकच लागू लागली. मग अंगणे भरली. मग विहिरीचे पाणी मचूळ झाले, आणि पुढे इतके खारट झाले की गुरे तोंड लावून मागे सरत. लोकांनी नारळीच्या झावळ्यांची कुंपणे घातली. ती वाऱ्याने उडवली. तान्ही मुले जुलाबांनी जाऊ लागली. दिवसा दारे उघडता येत नव्हती. वाळू घराच्या भिंतीला टेकून उभी राही आणि चढत चढत छपरावर जाई. येसू घर सोडायला तयार नव्हती. भागो आला तर त्याला घर कसे सापडेल, एवढेच ती म्हणे. एका दुपारी वाळूच्या भाराने छप्पर बसले आणि येसू त्याखाली गेली. रवळोजी शेतात होता. त्याने धावत येऊन हातांनी उकरले, पण जितके उकरावे तितके वरून भरे.

पुढे दुसऱ्या वर्षी वैशाखात किल्लेदाराला कैद्याची आठवण झाली आणि त्याने भागोजीला सोडून दिले. देवीने आपला शब्द पाळला. भागोजी डोंगर उतरून आला, तेव्हा त्याला गाव दिसले नाही. पांढरी वाळू आणि तिच्यातून वर आलेली माडांची डोकी, एवढेच दिसले. तो आपल्या घराच्या अदमासाने चालत गेला, आणि घरावरून चालत पुढे गेला, तरी त्याला कळले नाही. शेताच्या बांधावर उघड्यावर बसलेले गाव त्याला भेटले. बापाला पाहून त्याने पहिले विचारले, "आये खंय आसा?" रवळोजीने तो जिथून चालत आला होता तिकडे हात केला.

त्या संध्याकाळी रवळोजीने सगळ्यांसमोर तोंड उघडले. "टेंबाचा इचारलंय तेव्हा ती नाय म्हणाली. मगे मी झिलाचा इचारलंय." त्याने दुसरे काही सांगितले नाही, क्षमाही मागितली नाही. लोक उठले. कोणी दगड उचलले. ज्यांची मुले गेली होती त्यांना कोण अडवणार? पण भागोजी मध्ये उभा राहिला आणि दगड हातातच राहिले. त्याच्यावर राग धरायचा कसा, हे कोणालाच उमजेना. भागोजीने मात्र त्या दिवसापासून बापाशी बोलणे टाकले. आपल्या जिवाची काय किंमत पडली ते त्याला कळले होते, आणि ती त्याला कोणी विचारून मोजली नव्हती.

वारा पडेना. आता वाळू शेतांच्या तोंडाशी आली. शेते गेली असती तर गावच संपले असते. तेव्हा रवळोजी एका सकाळी उठला, जुन्या टेंबाच्या जागी गेला आणि समुद्राकडे तोंड करून मांडी घालून बसला. वाळू उभ्या वस्तूपाशी थांबते, झावळ्या उडाल्या तरी माणूस उडत नाही, असे तो म्हणाला म्हणे. भोवती केगदीचे फोक रोवायला आणि कुठून तरी मर्यादवेल आणून लावायला त्याने सांगितले. दुपारी वारा सुटला आणि वाळू त्याच्या मांडीवर चढू लागली. लोक लांब उभे राहून बघत होते. जे दगड उचलणारे होते तेच आता म्हणू लागले, की उठ बाबा, झाले ते झाले. तो उठला नाही.

त्याने भागोजीला जवळ बोलावले. "मेल्यार माती तूच घालतलंस मा?" तो म्हणाला. "मगे आताच घाल. लोकांचे हात धजणत नाय."

भागोजीने वाकून ओंजळभर वाळू घेतली आणि बापाच्या अंगावर टाकली. त्यानंतर गावाने पाट्या उचलल्या. वाळू खांद्यापर्यंत आली तेव्हा रवळोजीने डोळे मिटले, आणि शेवटपर्यंत तोंडातून आवाज काढला नाही. भागोजी त्याचे नाव घेऊन ओरडत होता, पण हात थांबवत नव्हता, असे सांगतात. बापाशी तो बोलला तो तेव्हाच.

त्या जागी वाळू थांबली. पावसाळ्यात वेल धरली, पुढल्या वर्षी आणखी वाळू अडली, आणि भागोजीच्या हयातीतच टेंब पहिल्याइतका झाला. विहीर पुन्हा गोड झाली. गाव मागे सरकून नव्याने वसले. जुने गाव कुठे आहे ते विचारल्यावर तातू पायाखाली बोट दाखवतो, आणि पाहुणे नकळत पाय उचलतात.

आजही वैशाखातल्या अमावास्येला, सकाळच्या उन्हात, केगदवेळच्या प्रत्येक घरातून पाटीभर वाळू टेंबाच्या पायथ्याशी नेतात. त्या दिवशी मैदानावर खेळ बंद असतो. आधी ओंजळीने वाळू टाकायची, मग पाटी ओतायची. आणि ती ओंजळ ज्याचा बाप जिवंत आहे अशा मुलानेच टाकायची, ही रीत आहे. बाप टेंबाकडे येत नाही. तो घरी उंबऱ्यात बसून असतो आणि मुलगा परत येऊन दिसेपर्यंत पाणीसुद्धा घेत नाही. मुलगा आला की बाप उठतो आणि त्याच्या हाताला लागलेली वाळू आपल्या हातांनी धुऊन काढतो. त्या वेळी दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत.