ओढ्याहून लांब पूल

शिराकुरा या जपानमधल्या जुन्या शहरात, गढीच्या मागच्या अंगाला एक लाकडी पूल आहे. त्याच्याखालचा ओढा कुणीही साडी जराशी उचलून एका ढांगेत ओलांडावा, एवढासाच. पूल मात्र लांबच लांब. ओढा मागे पडतो, काठ मागे पडतो, गवत लागतं, बांबूचं बन लागतं, तरी पूल आपला चालूच. कोरड्या जमिनीवरून, दोन्ही बाजूंना कठडे मिरवत तो ऐटीत पुढे जातो आणि मोकळ्या मैदानात एकाएकी संपतो. तिथे ना घर, ना देऊळ, ना रस्ता. पाहणाऱ्याला वाटतं, बांधणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसावं.

या पुलाची गोष्ट हिसाए आजी सांगतात. पाहुण्यांना शहर फिरवून दाखवणं हेच त्यांचं काम. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्यात बरीच वर्षं काढल्यामुळे त्यांचं मराठी भाजीबाजारात पक्कं झालेलं. त्या दिवशी त्यांच्याबरोबर दोघीच होत्या: कऱ्हाडच्या शकुंतलाआत्या आणि त्यांना हौसेनं जपान दाखवायला घेऊन आलेली, आता पस्तावलेली भाची ऋजुता. आत्यांनी सकाळपासून गढीला ‘बुटकी’ म्हटलं होतं, बागेतल्या तळ्याला ‘आमच्या संगमापुढे डबकं’ म्हटलं होतं, आणि ऋजुता कानकोंडी होऊन कुजबुजली होती, “आत्या, प्लीज! त्यांना मराठी कळतं.”

“कळतं म्हणूनच सांगतेय.”

पूल बघताच आत्यांनी “आमचा कृष्णेवरचा पूल...” अशी सुरुवात केली, तशी हिसाए आजींनी हातातली छत्री मिटली. “तुमच्याआधी एक बाई इथे आल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “त्यासुद्धा असंच म्हणायच्या.” आणि कठड्याला टेकून त्यांनी गोष्ट सांगायला घेतली.

फार जुन्या काळी शिराकुराचा अधिपती आपल्या मांडलिक सरदारांच्या आयांना ओलीस म्हणून शहरात ठेवून घेई. मुलानं बंड करू नये म्हणून आई इथे. त्यांच्यातच डोंगरापलीकडच्या एका सरदाराची आई होती, तोमी नावाची. राहायला चांगलं घर, खायला-प्यायला भरपूर, फक्त शहराची वेस ओलांडायची नाही. अधिपतीला मात्र एवढ्यानं समाधान नव्हतं. आई इथे सुखात आहे, शहरावर खूश आहे, असं मुलाला कळवायचं त्याच्या मनात होतं. म्हणून कारभाऱ्यानं मुदपाकखान्यातली नुई नावाची मुलगी बोलावली आणि आईसाहेबांना शहर दाखवायचं काम तिच्या गळ्यात मारलं.

नुईला आईबाप नव्हते. ती त्या मुदपाकखान्यातच लहानाची मोठी झाली होती. कावळा ओरडला तरी दचकायची, कुणी फट्‌कन पंखा मिटला तरी हातातलं सांडायची. कारभारी तिला म्हणाला, “पहिला बर्फ पडायच्या आत आईसाहेबांच्या तोंडून या शहराबद्दल एक तरी चांगला शब्द निघाला पाहिजे. नाही निघाला तर तू इथून चालती व्हायचं.” चालती होऊन जायचं कुठे, हे काही त्यानं सांगितलं नाही.

मग काय विचारता! नुई आईसाहेबांना घेऊन रोज निघायची. मोठ्या देवळातली घंटा दाखवली, तर आईसाहेब म्हणाल्या, “आमच्याकडची घंटा गुरांनासुद्धा समजते.” अधिपतीच्या बागेतला, लांबून वाहून आणलेला प्रसिद्ध दगड दाखवला, तर म्हणाल्या, “आमच्याकडे असा एक असतो, दारात पाय धुवायला.” शहरातल्या नामांकित हलवायाची मिठाई पुढे केली. त्यांनी चावून चावून खाल्ली. “गोड आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे चवसुद्धा असते.”

नुई रडकुंडीला आली. पानं लाल झाली, झडायला लागली. डोंगरमाथे पांढरे दिसू लागले. शहरात दाखवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून एका दुपारी ती त्यांना या ओढ्यावर घेऊन आली. त्या वेळी पूल ओढ्याच्या बेताचाच होता. आईसाहेबांनी त्याच्याकडे नुसती नजर टाकली. “याला पूल म्हणतात होय? आमच्याकडे...”

“आमच्याकडे, आमच्याकडे, आमच्याकडे!” नुईचा आवाज असा फुटला की बांबूतली पाखरं उडाली. “एवढं आहे तरी काय तुमच्याकडे? एकदा दाखवाच मला!”

आणि स्वतःच्याच आवाजाला दचकून तिनं तोंडावर हात दाबला. आता गालावर बसणार, म्हणून डोळे मिटून उभी राहिली. पण काहीच बसलं नाही. डोळे उघडले तर आईसाहेब पुलाच्या पहिल्या फळीवर उभ्या होत्या.

“चल,” त्या म्हणाल्या. “माझ्या मागून ये. आणि नीट बघ, उगीच भलतीकडे मान वळवू नकोस. ही आमची नदी. इथे उतार आहे, जप. ही डावीकडे तुतीची झाडं. हा कुंभार. याच्याशी बोलत थांबू नकोस, सगळी दुपार खाईल...”

तेवढ्यात पूल संपला. आईसाहेब शेवटच्या फळीवर थांबल्या.

“पुढे?” नुईनं विचारलं. “घर कुठंय?”

“पुढे तुमची जमीन. तिथे पाय टेकला की मी ओलीस. पुलावर आहे तोवर मी कुणाचीच नाही.” असं म्हणून त्या मागे फिरल्या आणि पुन्हा पहिल्या फळीपासून, पुन्हा नदीपासून सुरू झाल्या.

असं सांगतात की त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. आणि नुईचा वैताग दुप्पट झाला. कारण रोज आईसाहेबांना वाटेतलं काहीतरी नवीन आठवायचं. आज एक झरा, उद्या एक पडकी भिंत, परवा कुणाची तरी सासुरवाशीण. पूल तेवढाच आणि वाट रोज लांबत चाललेली! पहिल्या दिवशी कुंभारापर्यंत पोचल्या होत्या, आता तुतीपर्यंतही पोचेनात.

“आईसाहेब, आज तो झरा राहू द्या ना.”

“आणि तहान लागली म्हणजे?”

“मग निदान कुंभार तरी गाळा.”

“म्हातारा माणूस आहे. वाईट वाटेल त्याला.”

नुई हात जोडून बघून झाली, मनातल्या मनात शिव्या घालून झाली. पण एक गोष्ट तिला कळून चुकली होती. ही बाई घरी पोचल्याशिवाय तिच्या तोंडून चांगला शब्द निघणार नाही. आणि या पुलावरून ती घरी पोचणार नाही. तेव्हा नुई उठली आणि सुताराकडे गेली.

“पूल वाढवून द्या.”

“ओढ्याला पाणी वाढलं की काय?”

“नाही.”

“मग पाणी कुठंय?”

“पाणी नाहीच आहे. पूल हवाय.”

“पोरी, पूल पाण्यावर घालतात.”

“तुम्ही गवतावर घाला!”

सुतार हसला, मग ओरडला. एरवी ती पळत सुटली असती. त्या दिवशी दचकली खरी, पण त्याच्या फळ्यांच्या ढिगावर बसली ती उठेचना. अखेर तो इतका कंटाळला की ही ब्याद जावी म्हणून त्यानं फळ्या काढल्या आणि गवतावर पूल घालायला घेतला. कारभारी धावत आला. “हा काय प्रकार आहे? म्हातारीचा पळून जायचा बेत दिसतोय!”

“पळून?” नुई म्हणाली. “अहो, त्या कुंभारापाशीच अडकून पडतात!”

पूल वाढत गेला. गवतावरून गेला, बांबूतून गेला. आईसाहेब रोज थोड्या पुढे पोचू लागल्या. मग एके दिवशी आभाळ खाली उतरलं. वारा थांबला. कारभारी बाह्यांत हात खुपसून नव्या पुलाच्या टोकाशी येऊन उभा राहिला. आईसाहेब निघाल्या. नदी आली, झरा आला, तुती आल्या, कुंभाराची चौकशी झाली, सासुरवाशिणीची झाली. बांबूचं बन मागे पडल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. “हे आमचं अंगण,” त्या म्हणाल्या. “पायऱ्या ओल्या आहेत.” शेवटच्या फळीवर त्यांनी वहाणा काढून नीट जोडीनं ठेवल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

बर्फ पडायला लागला.

“आईसाहेब,” कारभारी खाकरला. “आता तरी सांगा. आमचं शहर कसं वाटलं?”

“तुमचं शहर मला मुळीच आवडलं नाही,” आईसाहेब म्हणाल्या. नुईनं डोळे मिटले. “पूल मात्र चांगला आहे. माझ्या दारापर्यंत जातो.”

कारभाऱ्यानं, म्हणे, मुलाला निरोप धाडताना पहिलं वाक्य गाळलं. नुईचं राहणं पक्कं झालं. आईसाहेबांना मात्र त्यांच्या मुलानं कधी सोडवून नेलं नाही. त्या शिराकुरातच थकत गेल्या आणि चालवत होतं तोवर नुईला मागे घेऊन या पुलावरून घरी जात राहिल्या. वहाणा ठेवल्या होत्या त्या फळीवर त्या हिवाळ्यात बर्फ साचलाच नाही, असंही सांगतात.

फळ्या कुजल्या, बदलल्या, पुन्हा कुजल्या. मधूनमधून कुणीतरी शहाणा निघतो आणि पूल कापून ओढ्याच्या मापाचा करा म्हणतो. शहरातले लोक ऐकून घेतात आणि नव्या फळ्या ठोकतात. आजही शिराकुरात पाहुण्यांना फिरवणारा माणूस या पुलापाशी आला की तोंड मिटतो आणि मागे होतो. पाहुण्यानं पुढे व्हायचं, आपल्या घरची वाट सांगत चालायचं. टोकाला पोचल्यावर त्याला एकच विचारायचं: घर आलं का? नसेल आलं तर परत पहिल्यापासून. म्हणूनच आजही हा पूल सगळं बघून झाल्यावर, अगदी शेवटी दाखवतात.

एवढं सांगून हिसाए आजी आत्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

शकुंतलाआत्या पुढे झाल्या. त्यांनी पदर खोचला, पुलाकडे बघितलं. “एसटी स्टँडवरनं निघू का?” त्यांनी जरा संकोचून विचारलं.

“वाट तुमची,” हिसाए आजी म्हणाल्या.

आत्या निघाल्या. स्टँडपासून निघाल्या त्या रसवंतीपाशी थांबल्या, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं विचारून आल्या, आणि बांबूचं बन संपेतो जेमतेम मंडईत शिरल्या. पूल संपला.

“घर आलं का?”

“कुठलं हो! आत्ता कुठे मंडई.” आणि त्या मागे फिरल्या.

“आत्या, आपली गाडी आहे!” ऋजुता घड्याळ दाखवत कळवळली. “मंडई सोडून चला ना!”

“मंडई सोडून? आणि भाजी कोण घेणार?” आत्या पहिल्या फळीवर जाऊन उभ्या राहिल्या, तिला हात धरून मागे घेतलं, मग एकदम कठड्याकडे ओढलं. “सरक जरा. रिक्षा येतेय.”

ऋजुता सरकली.