चपलांजवळची भिंत

एकदा एका लहान गावातल्या कलासंग्रहालयात परिसरातील निसर्गचित्रांचे प्रदर्शन भरायचे होते. संग्रहालय म्हणजे काय, तर गावकऱ्यांनी मिळून उभारलेले एक दालन आणि त्यापुढे चपला काढण्यासाठी पडवी. ते सांभाळणाऱ्या वृद्ध चित्रकारांना सारे गाव गुरुजी म्हणे. कोणते चित्र कुठे लावायचे हे तेच ठरवत, आणि का ते सहसा सांगत नसत.

त्यांची एक शिष्या होती. तरुण, शिकलेली, एका लहान मुलीची आई. तिचे पहिलेच चित्र प्रदर्शनासाठी निवडले गेले होते आणि तेव्हापासून तिला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटत होती. आपली निवड नजरचुकीने झाली असणार, याविषयी तिच्या मनात फारशी शंका नव्हती. ती चूक कुणाच्या लक्षात येण्याआधी प्रदर्शन उरकावे, एवढीच तिची माफक अपेक्षा होती.

चित्र साधेच होते. पुढे वाळलेले गवत, मधे एक वाकडी बाभूळ, मागे बसकी टेकडी. मुलगी बालवाडीतून सुटेपर्यंत ती तिथल्या पायरीवर बसून राही. त्या वाट पाहण्यातच ते चित्र हळूहळू झाले होते.

चित्रे लावण्याच्या दिवशी गुरुजींनी तिचे चित्र उचलले. चांगला उजेड पडणारी दर्शनी भिंत सोडून ते थेट पडवीत आले. तिथे चपला काढण्यासाठी एक बुटका बाक होता. त्याच्या समोरच्या भिंतीवर, जेमतेम कमरेच्या उंचीवर, त्यांनी खिळा ठोकला.

"गुरुजी, इथे?"

"इथेच."

"पण इथे लोक चपला काढतात."

"म्हणून तर बाक ठेवलाय," गुरुजी म्हणाले आणि चहाला निघून गेले.

घरी सासूबाईंनी भजनी मंडळात केव्हाच जाहीर करून टाकले होते, "आमच्या सूनबाईचं चित्र लागतंय." त्यांना खरे सांगण्याचा धीर तिला झाला नाही. "कुठे लावलंय गं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "हवेशीर जागा आहे."

प्रदर्शनाच्या दिवशी गावातले एक धान्याचे व्यापारी आले. त्यांनी उभ्या उभ्याच टाचेने बूट सरकवले, खाली नजर टाकली आणि मोठ्याने म्हणाले, "काय हो गुरुजी, चपलांवर राखण ठेवलीय वाटतं या चित्राची?" सगळे हसले. ती सर्वांत मोठ्याने हसली. मग मात्र तिने ठरवले, की गुरुजींना सांगून चित्र उतरवायचे आणि घरी न्यायचे. पुन्हा ब्रश हातात घ्यायचाच नाही.

ती गुरुजींना शोधायला वळते तोच सासूबाई मैत्रिणींसह दारात.

"कुठंय?"

तिने नुसते बोट दाखवले.

"वहाणांपाशी? आत जागा नव्हती होय?" सासूबाईंचा चेहरा पडला. गुडघ्यांमुळे त्या बाकावर बसल्या, वाकून वहाणेचा पट्टा सोडू लागल्या आणि मान वर करताच थांबल्या.

"अगं बाई! हे तर बालवाडीच्या पायरीवरून दिसतं ते. मंगळवारी तुला ताप होता, मी गेले होते आणायला, तेव्हा अस्संच ऊन होतं. गवतातून टेकडी अशी डोकावत होती."

"सरका की जरा," मागची मैत्रीण म्हणाली, "आम्हाला पण वहाणा काढायच्यात."

"थांब गं. बसू दे."

आत माणसे पाठीमागे हात बांधून चित्रांवरून पुढे सरकत होती. पडवीतला बाक मात्र रिकामा होईना. परत जाताना बूट चढवायला व्यापाऱ्यांनाही तिथे टेकावेच लागले. एक बूट हातात धरून ते बाभळीकडे पाहत बसले. त्यांचा गाडीवान दोनदा डोकावून गेला.

संध्याकाळी गुरुजी म्हणाले, "दर्शनी भिंतीवर एक जागा रिकामी आहे. मुद्दाम ठेवली होती. हलवायचं का तुझं चित्र?"

"आधी सांगा, इथे का लावलंत?"

"तुझं गवत बघ. टेकडीच्या वर गेलंय. उभ्या माणसाला गवत पायाशी दिसतं, असं आभाळात गेलेलं दिसत नाही. ते पायरीवर बसलेल्याला दिसतं, तेही घाईत नसलेल्याला. आत माणसं उभ्याने बघतात. तिथे तुझी टेकडी थिटी वाटली असती आणि तू म्हणाली असतीस, मला येतच नाही. या इमारतीत माणूस टेकतो ती एवढीच जागा. जिथून तू पाहिलंस, तिथे मी त्यांना बसवलं."

"हे आधी सांगायचंत ना! किती घाबरले मी."

"सांगितलं असतं, तर तू मान डोलावून तरीही घाबरली असतीस," गुरुजी हसले. "आणि मलाही एक धास्ती होतीच. तो बाक जुना आहे."

बाक आता मोकळा होता. आपल्याच चित्रासमोर ती पहिल्यांदा बसली. गवत डोळ्यांच्या वर गेले आणि टेकडी नेमकी तेवढीच डोकावली, जेवढी रोज डोकावत असे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "राहू द्या इथंच."

आपल्या कामाला कोणती जागा मिळाली, या विचाराने खट्टू होण्याआधी, ते आपण कुठे बसून केले हे एकदा आठवून पाहावे.