त्रेसष्टावा अंगठा

गटशिक्षणाधिकारी डोईफोडे साहेबांनी भर बैठकीत नाव पुकारलं, तशा गावितबाई उभ्या राहिल्या. त्यांचे पाय थरथरत होते. गेल्याच महिन्यात एक गुरुजी याच खोलीतून निलंबनाचा कागद घेऊन बाहेर पडले होते.

“सोमवारी मी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदेश टाकला,” साहेब म्हणाले. “शाळेच्या वेळेत जो मोबाईल हातात घेईल, तो घरी बसेल. पाच मिनिटांत बासष्ट जणांचे अंगठे आले. तुमचा आला संध्याकाळी सहाला. आदेशाची काही किंमत आहे की नाही?”

रोज संध्याकाळीच बाई ग्रुप उघडत, इतर शिक्षकांच्या युक्त्या टिपून घेत आणि मग पालकांना गृहपाठ कळवत.

“साहेब, आदेश आला सव्वाअकराला,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तेव्हा मी अपूर्णांक शिकवत होते. मोबाईल कपाटात होता. आता घरी कोणी बसायचं, ते तुम्हीच सांगा.”

साहेबांनी समोर पाहिलं. बासष्ट माना खाली गेल्या होत्या. त्यांनी हातातल्या, बाईंच्या नावाच्या नोटिशीची घडी करून ती खिशात घातली.

“बसा.”

बाई बसल्या. पाय अजून थरथरत होते, पण आता त्या खोलीत ते एकट्या त्यांचेच नव्हते.