नरसव्वाचं जातं

ही गोष्ट गावात गिरणी यायच्या कितीतरी आधीची. तेव्हा घरोघरी जातं असायचं आणि भाकरी खायची तर बाईला आधी ते ओढावं लागायचं. दगडच तो, झिजायचा. गुळगुळीत झाला की दाणे नुसते भरडले जायचे, पीठ पडायचं नाही. मग वर्षातून एकदा नरसव्वा यायची. खांद्याला झोळी, झोळीत छिन्नी आणि हातोडी. जात्याची पाळी, म्हणजे वरचा दगड, उचलून ती दगडावर बारीक बारीक खाचा पाडायची. त्याला टाकी लावणं म्हणायचे. टाकी लावली की जातं पुन्हा नव्यासारखं चालायचं.

नरसव्वा कुठली, कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. असं म्हणतात, की दगडाला कान लावला की तिला कळायचं, या घरात कोण उपाशी झोपलं आणि कोण न बोलता जेवलं.

त्याच काळात कुसुंबवाडीत इठा नावाची सून होती. नवरा रायभान भला माणूस. घरात ज्वारीची कणगी भरलेली, दावणीला दुभती गाय, मांडीवर चार महिन्यांची पोर. कशाला काही कमी नव्हतं. तरी रोज दुपार झाली की इठाच्या छातीत धडधड सुरू व्हायची. हातपाय गार पडायचे. पोर झोपलेली असायची, आणि इठा तिच्या नाकापुढे बोट धरून बसायची. बोटाला श्वास लागला की हात काढायचा, काढला की परत धरायचा.

सासू भागूबाई विचारायची, "कशाची भीती वाटती गं?"

"ठाऊक नाही, आत्याबाई."

"अगं, कशाची तरी असंलच की! भीती काय आभाळातून पडती?"

इठाला खरंच ठाऊक नव्हतं.

मग घरानं कारण शोधायला घेतलं. एकदा दारामागचा शेवगा वाऱ्यानं हलला आणि इठा दचकली. शेवगा तोडला. मग गाईच्या गळ्यातल्या घाटीच्या आवाजाला दचकली. घाटी सोडून ठेवली. काळा कोंबडा पाहुण्यांना दिला. जात्याच्या घरघरीनं तिची धडधड वाढते असं कुणी म्हणालं, तर जात्यावर गोणपाट टाकलं आणि दळण शेजारणीकडे जायला लागलं. शेजारीण म्हणाली, "आता रायभानच्या मिशा तेवढ्या राहिल्या. त्या पण काढा!" सगळ्या हसल्या. इठा पण हसली. पण दुपारी छाती धडधडलीच. उलट जास्त. शेवगा हलत होता तेव्हा निदान शेवग्याकडे बघता यायचं. आता घर चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत तिला आपली छातीच तेवढी ऐकू यायची.

सगळं काढून झालं. घरात नवं असं एकच उरलं. ती पोर.

भागूबाई म्हणाली, "पोर झाल्यापासूनच सुरू झालंय हे. पोर तुझ्या नणंदेकडं जाऊ दे. तिला अंगावर पितं लेकरू हाय, एकात दोन वाढतील. सोमवारी गाडी येईल."

इठाला नाही म्हणायचं होतं. पण भीती कशाची ते सांगता येत नव्हतं, म्हणून नाही पण म्हणता येईना. तिनं पोरीची दोन अंगडी धुतली आणि घडी करून ठेवली.

सोमवार उजाडला. नणंदेची बैलगाडी यायची होती दुपारी. त्याआधी गल्लीत हाक आली, "टाकी लावाऽऽ, जात्याला टाकी!"

भागूबाई दारातून म्हणाली, "आमचं जातं बंद हाय. पुढं जा."

नरसव्वा पुढं गेली नाही. ती आत आली, गोणपाट काढलं आणि दगडाला कान लावला. असं म्हणतात, की ती इतका वेळ तशी बसली, की तिच्या पदरावर चिमणी येऊन बसली आणि उडून गेली. मग तिनं पाळी उचलली, टाकी लावली, पाळी परत बसवली आणि म्हणाली, "सुनबाई, ओढ."

"दाणे?"

"नकोत. तसंच ओढ."

इठानं खुंटा धरला आणि जातं रिकामं फिरवलं. दगडावर दगड कडकडायला लागला. जळक्या दगडाचा वास सुटला. असं म्हणतात, की ठिणग्या आढ्यापर्यंत उडाल्या, पण छपराच्या गवताची एक काडीसुद्धा पेटली नाही. भागूबाईनं कानावर हात ठेवले. "मोडलं गं माझं जातं!"

"मोडलं न्हाई," नरसव्वा म्हणाली. "जातं चांगलं हाय. त्याला फिरायचं तेवढं ठाऊक. दाणा न्हाई मिळाला तर सोतालाच खातंय." आणि तिनं मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडली. कडकड थांबली. खालून घुमल्यासारखा आवाज यायला लागला.

नेमकी तेव्हाच दुपार भरली. इठाच्या छातीत सुरू झालं. ती पोरीकडे उठायला लागली.

नरसव्वानं तिचा हात खुंट्यावरच धरला. "आली?"

"आली."

"कशाची म्हणून इचारू नगंस. आली तर बसू दे. तू ओढ. ओढताना श्वास आत, ढकलताना बाहेर. अन् समोर जे हाय, तेवढंच बोल."

इठा बोलायला लागली. "हा खुंटा हाय. हे दाणे हायत. हे माझं बोट. ती माझी पोर. ती झोपली हाय." फेरा झाला की पुन्हा पहिल्यापासून. "हा खुंटा हाय. हे दाणे हायत." भीती चढत चढत गेली. इठाला वाटलं, आता मरते. हात सुटला नाही. आणि चढलेली भीती कुठंतरी वर जाऊन टेकली, आणि तिथून हळूहळू उतरायला लागली. इठानं हे पहिल्यांदा बघितलं. आजपर्यंत ती उतरायच्या आधीच उठून पळत होती.

बाहेर गाडी आली. नणंद हाक मारत होती. आणि असं म्हणतात, की इठाच्या जात्याचा घुमणारा आवाज गल्लीभर झाला, आणि घराघरातली, सकाळी दळून झाकून ठेवलेली जाती आपोआप तसाच आवाज करायला लागली. बैल जागेवर बसले. बाया पदराला हात पुसत बाहेर आल्या. एक म्हणाली, "दुपारचं मलापण असंच होतं." दुसरी म्हणाली, "मला तिन्हीसांजेला." मिशांचा विनोद करणारी शेजारीण नुसती रडली.

सगळ्यांत शेवटी भागूबाई जात्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "रायभान अंगावर होता तवा मी त्याच्या छातीवर हात ठिवून बसायची. सांगायचं कुणाला? मला वाटलं, ही येडी भीती माझी एकटीचीच." आणि तिनं खुंट्याची दुसरी बाजू धरली.

पोर गाडीत गेली नाही. नणंद भाकरी खाऊन परत गेली.

इठानं नरसव्वाला विचारलं, "आता परत न्हाई ना यायची?"

"येणार की! नव्या टाकीचं पहिलं पीठ दगडाच्या कणांनी कचकचतं, ते गाईला घालायचं असतं. तसे पहिले दिवस जातील. मग बरं येईल."

"अन् तुमची गेली?"

नरसव्वा झोळी उचलत हसली. "न्हाई बाई. मीपण रोज मूठभर दाणे घालते."

पुढच्या वर्षी ती आली नाही. तिची हाक मात्र आली, असं म्हणतात. बाया बाहेर आल्या तर गल्लीत कुणी नव्हतं, आणि सगळ्या जात्यांना टाकी लागलेली होती.

आता कुसुंबवाडीत वीज आहे, गिरणी आहे, जातं कुणी ओढत नाही. पण इठाचं जातं पारावर मांडून ठेवलंय. त्याला नरसव्वाचं जातं म्हणतात. बाळंतीण पाचव्या महिन्यात पहिल्यांदा बाहेर पडली की आधी तिथं जाते. एखादी म्हातारी समोर बसते, खुंट्याची दुसरी बाजू धरते. दोघी मूठभर ज्वारी दळतात, तिची एक भाकरी करतात आणि अर्धी अर्धी खातात. पुरुषसुद्धा येऊन बसतात, तंबाखू मळायच्या निमित्तानं. भ्यालेल्या माणसाला त्या गावात कुणी कशाची भीती म्हणून विचारत नाही. थोडं सरकतात आणि बस म्हणतात.

आणि ते जातं रिकामं ठेवत नाहीत. दिवसभर चिमण्या दाणे टिपतात, जात्याचं तोंड मोकळं करून जातात. सकाळी बघावं तर त्यात मूठभर ज्वारी असतेच.

कोण घालतं, ते गावानं कधी शोधलं नाही.